संकल्पचित्रात पिशवी नाही

महापालिकेने एखादा बाजार सुधारायला घेतला की सगळ्यात आधी त्याचं चित्र वर्तमानपत्रात छापून येतं. त्याला संकल्पचित्र म्हणतात. पुण्याच्या पेठेत राहत असल्यामुळे या चित्रांचा माझा अभ्यास दांडगा आहे, कारण काही वर्षं गेली की आमच्या आसपासचा कुठला ना कुठला रस्ता सुधारायला निघतोच. आता तर चित्राकडे नुसती नजर टाकली तरी मला कळतं की हा सल्लागार कधी पावसाळ्यात पुण्यात आलेला नाही.

संकल्पचित्रात मे महिना नसतो, जुलैही नसतो. झाडं उद्घाटनाच्या दिवशीच तीन मजली उंच झालेली असतात. पदपथ इतका रुंद, की त्यावर लग्न लागावं आणि पंगतही उठावी. त्यावरून मोजकी माणसं चाललेली असतात. ही माणसं संगणकातून तयारच मिळतात, आणि तो साठा बहुधा परदेशी असतो. त्यामुळे शनिपाराजवळ एक सोनेरी केसांची बाई कुत्रं फिरवत असते आणि तिच्यामागून अर्ध्या चड्डीतला एक गृहस्थ कॉफीचा कागदी पेला घेऊन येत असतो. एक मूल, एक फुगा. एक सायकलवाला, हेल्मेटसकट. अख्ख्या रस्त्यावर कुत्रं एकच, तेही साखळीला बांधलेलं.

आणि एवढ्या माणसांत कुणाच्याही हातात पिशवी नसते.

चित्र बाजाराचं, दोन्ही बाजूंना दुकानांच्या रांगा, पण कुणी काही विकत घेतलेलं नाही आणि कुणाचा तसा इरादाही दिसत नाही. कुणी भाव करत नाही. कुणी ‘येताना घेते हं’ म्हणून दुकानातून सटकत नाही. कुणी ब्लाउजपीसचा तुकडा मुठीत धरून त्याच रंगाच्या फॉलच्या शोधात फिरत नाही. सगळे नुसते चालतायत. बाजारात माणसं काहीतरी घ्यायला येतात, ही माहिती सल्लागारापर्यंत पोचलेली नसावी.

बाजार वसवणं हे काम पुण्याला नवं नाही. पेशवाईत नवी पेठ वसवायची तर व्यापाऱ्यांना कौल देत: या, दुकान घाला, अमुक वर्षं कर माफ. शेटे आणि महाजन नेमत, त्यांचा मान ठरवून देत. जिवाजीपंत खासगीवाल्यांनी विसापूरच्या जागी शुक्रवार पेठ उभी केली. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत, १७६९ मध्ये, सदाशिवरावभाऊंच्या स्मरणार्थ सदाशिव पेठ वसली. नाना फडणविसांनी आपल्याच नावाची पेठ काढली. यांपैकी कुणाकडे संकल्पचित्र नव्हतं. करमाफीचा कागद होता, आणि तो कागद वाचून वाणी-उदमी येत होते. चित्र बघून वाणी आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

बऱ्याच पेठांना वारांची नावं दिली खरी, पण त्याचा गिऱ्हाइकाला काडीचा उपयोग नाही. बुधवार पेठेतलं दुकान बुधवारी बंद असतं की सोमवारी, रविवार पेठेतलं रविवारी चालू असतं की नाही, हे ज्याने त्याने अनुभवाने शिकायचं. त्यातून दुपारची विश्रांती. २०१७ साली मिठाईवाल्या चितळ्यांनी दुपारी एक ते चार दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तर त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली. इतर गावांत दुकान बंद पडलं की बातमी होते. आमच्याकडे ते उघडं राहिलं म्हणून झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी राज्यात दुकानांचा नवा कायदा आला आणि कामगाराला आठवड्याची सुट्टी देऊन दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायला परवानगी मिळाली. आमच्या कोपऱ्यावरच्या सुतळी-दोरेवाल्या काकांना मी तो कायदा समजावून सांगितला. ते म्हणाले, “परवानगी आहे ना? सक्ती नाही ना?” आणि पावणेएकला शटर ओढलं.

मंडईची गोष्ट तर सल्लागारांना अभ्यासाला लावावी. एकोणिसाव्या शतकात पुण्याची भाजी शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात, उघड्यावर विकली जाई. ते दृश्य बरं दिसत नाही म्हणून नगरपालिकेने दगडी, अष्टकोनी, वर मनोरा असलेली देखणी इमारत बांधायला घेतली. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा बाजाराच्या इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. इमारत झालीच. १८८६ मध्ये ती उघडली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला मिळालं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत गेले, त्यांच्या पुढाकाराने रे साहेब उतरले आणि मंडई महात्मा फुल्यांच्या नावाची झाली. नाव देण्यामागे आदरच होता, त्याबद्दल शंका नाही. पण ज्याने खर्चाला हरकत घेतली त्याचंच नाव त्या खर्चावर कोरून ठेवायचं, हे फक्त पुण्यात सुचू शकतं. राहता राहिली भाजी. एवढी दगडी इमारत असूनही बरीचशी भाजी तिच्या बाहेर, गोणपाटावरच विकली जाते, कारण गिऱ्हाईक जाता जाता घेतं आणि आत शिरायला त्याला वेळ नसतो. सव्वाशेहून अधिक वर्षं इमारत भाजीला आत बोलावते आहे. भाजी विचार करते आहे.

आता लक्ष्मी रस्त्याकडे वळू, कारण पुण्यात बाजार सुधारायचा म्हटलं की शेवटी गाडी तिथेच येते, आणि तिथे आली की अडकते.

लक्ष्मी रस्ता कशावर चालतो हे समजून घ्यायचं असेल तर बस्ता बघावा. ज्यांच्या घरी अलीकडे लग्न झालेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: लग्नाची कापडखरेदी एका बैठकीत, दोन्हीकडच्या माणसांना समोरासमोर बसवून उरकायची, याला बस्ता बांधणं म्हणतात. दोन्हीकडची माणसं अशासाठी, की पुढचं भांडण दुकानातच होऊन जावं, मांडवात होऊ नये. माझ्या मामेबहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला मामा-मामी फलटणहून आले. बरोबर थोरली मावशी, दोन चुलत्या, नवरीमुलगी, वरमाय, वरमायेची जाऊ, ‘मला कापडातलं कळतं’ असं स्वतःच जाहीर केलेले एक दूरचे काका, आणि या सगळ्यांना वाहून आणणारा टेम्पो ट्रॅव्हलर.

संकल्पचित्रात टेम्पो ट्रॅव्हलरला जागा नाही. खऱ्या रस्त्यावरही नव्हती. पेठांतल्या रस्त्यांवर गाडी लावायची तर आधी पंचांग पाहावं लागतं: विषम तारखेला या बाजूला, सम तारखेला त्या बाजूला. ज्याने हा नियम केला त्याने एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, आणि त्या दोन्ही विषम असतात, याचा विचार केलेला नाही. त्या दोन दिवसांत समोरच्या बाजूचा दुकानदार ज्या नजरेने रस्त्याकडे पाहतो ती एकदा पाहून या. आमच्या ड्रायव्हरने सम-विषमच्या भानगडीत न पडता सरळ सांगितलं, “तुम्ही उतरा, मी फिरत राहतो.” तो दिवसभर फिरत राहिला. लक्ष्मी रस्ता एकदिशा असल्यामुळे त्याला प्रत्येक फेरीला निम्मं पुणं बघायला मिळालं. बस्ता बांधून झाला तेव्हा तो आमच्यापेक्षा पक्का पुणेकर झाला होता. हॉर्न वाजवताना मान बाहेर काढून बोलायलाही शिकला होता.

दुकानात मात्र आमचं स्वागत असं झालं, की कुठल्याही योजनेत ते बसवता येणार नाही. पांढरीशुभ्र गादी. समोर मिशीवाले, पोट सुटलेले, चाळीस वर्षं साड्याच उलगडत आलेले विक्रेते. “दाखवायला पैसे पडत नाहीत वहिनी,” म्हणत त्यांनी पहिली साडी हवेत अशी सोडली, की ती मामीच्या पुढ्यात येऊन पडेपर्यंत मामीने ती मनातल्या मनात नेसलीही होती. पदर कसा दिसतो ते दाखवायला त्यांनी साडी स्वतःच्या खांद्यावर घेतली. मिशी आणि राणी कलरचा पदर, दोन्ही एकमेकांना शोभत होते. मोबाइलवर साडी विकणाऱ्या कंपन्यांनी या माणसाला घाबरलं पाहिजे. त्याने वरमायेचा चेहरा एकदा पाहिला आणि किमतीचा अंदाज बांधला. मामांचा चेहरा पाहिला आणि तो अंदाज मनात दुरुस्त केला. असलं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही.

वरच्या मजल्यावर ‘देण्याघेण्याच्या साड्या’ असतात. हा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथली साडी नेसायची नसते. ती घ्यायची, द्यायची, जिला मिळते तिने पुढे द्यायची, आणि अशी ती महाराष्ट्रभर फिरत राहते. पुण्यातून गेलेली एखादी साडी साताऱ्या-सांगलीचा दौरा करून चार वर्षांनी आपल्याकडेच परत आल्याची उदाहरणं आहेत. आमची मावशी हे ओळखण्यात पटाईत आहे. स्थानिक व्यवसायाला चालना द्यायची असेल तर ही साडी नेसायची लाट कधी येऊ नये, एवढी खबरदारी घेतली तरी पुरे.

आता अडचणी. बस्त्याला दिवस लागतो. बायका गादीवर बसतात. पुरुषांना बसायला जागा नसते. मामा आणि ते कापडातलं कळणारे काका पहिल्या तासानंतर बाहेर आले. पायरीवर टेकले तर डोक्यावर पाटी: ‘पायरीवर बसू नये.’ समोरच्या दुकानाच्या कठड्यावर टेकले तर कठड्याला खिळे ठोकलेले. पदपथ होता, पण त्यावर एक मोटारसायकल, एक रस्तादुरुस्तीचा राडारोडा आणि सुशोभीकरणात बसवलेले बोलार्ड होते. हे दगडी खुंट पदपथावर दुचाकी येऊ नये म्हणून बसवतात. दोन खुंटांतलं अंतर असं काही साधलेलं असतं, की स्कूटर अलगद निघून जाते आणि दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली मामी अडकते.

आणि मग दुपारी मावशीने मला बाजूला घेऊन कानात विचारलं, “अगं, इथं कुठं ते... आहे का?”

ते नव्हतं. होतं म्हणजे, दुकानात विचारलं तर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’. एका चौकापलीकडे सार्वजनिक होतं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली चहावाल्याकडे होती आणि चहावाला गावी गेला होता. शेवटी एका उडप्याच्या हॉटेलात सहा जणींनी शिस्तीत सहा मसाला डोसे मागवले. भूक कुणालाच नव्हती. पुण्यातल्या उपाहारगृहांच्या भरभराटीचं एक कारण मला त्या दिवशी समजलं, आणि ते चवीशी अजिबात संबंधित नाही.

दुकानदारांचं म्हणणं वेगळंच असतं. तुम्ही कुणालाही विचारा, “धंदा का मंदावला?” उत्तर ठरलेलं: “पार्किंग नाही हो.” गिऱ्हाइकाची गाडी दुकानासमोर उभी राहिली पाहिजे, ही त्यांची अढळ श्रद्धा. मी एकदा सकाळी शटर उघडायच्या वेळी रस्त्याने चालत गेले. दुकानासमोरच्या जागा सकाळीच भरलेल्या होत्या. भरल्या होत्या त्या दुकानदारांच्या, त्यांच्या भावांच्या आणि हिशेबनिसांच्या गाड्यांनी. मग गिऱ्हाईक येतं, चकरा मारतं, टोइंगवाल्यांचा भोंगा ऐकतं आणि घरी जाऊन मोबाइलवर चादर मागवतं. ही नुसती पुणेरी खोड आहे असं मात्र नाही. इंग्लंडात ब्रिस्टलमध्ये एक पाहणी झाली होती. तिथल्या दुकानदारांना वाटत होतं की आपली ४१ टक्के गिऱ्हाइकं मोटारीने येतात. प्रत्यक्षात येत होती २२ टक्के. जगभरचा दुकानदार गल्ल्यावर बसून रस्त्याकडे बघतो तेव्हा त्याला गाडी दिसते, चालत आलेली बाई दिसत नाही. ती गल्ल्यापाशी येऊन पैसे देते, तरी तिची नोंद होत नाही.

याच्यावर उतारा म्हणून पुणे महापालिकेने पादचारी दिन काढला. २०१६ मध्ये शहराचं पादचारी धोरण आलं होतं. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरूड गणपती चौक एवढा तुकडा वाहनांना बंद करायला सुरुवात झाली. कल्पना चांगली आहे, आणि हे मी अगदी मनापासून म्हणते. जन्मभर ज्या रस्त्यावर आपण अंग चोरून चाललो तो मधोमध चालायला मिळतो तेव्हा आधी विश्वासच बसत नाही. मी गेले होते तेव्हा लोक रस्ता मोकळा असूनही कडेकडेनेच चालत होते. एक आजोबा तर रिकामा रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे बघत होते. त्यांच्या नातीने त्यांना हात धरून मध्ये आणलं. तिथे उभं राहून ते वरच्या मजल्यांकडे बघत राहिले. “अरे, इथं वर नक्षी आहे की,” म्हणाले. इतकी वर्षं त्यांची नजर पायांखाली आणि मागच्या मोटारसायकलवर होती. इमारतींना वरचा मजला असतो याची खबर त्यांना नव्हती.

दुकानदारांमध्ये त्या दिवशी दोन तट पडतात. एक म्हणतो, गर्दी आहे पण विक्री नाही, सगळे फोटो काढायला आलेत. दुसरा काही म्हणत नाही, कारण त्याच्या दुकानात गिऱ्हाईक आहे. मला त्या दिवशी दुकानातल्या मोजक्याच विक्रेत्यांशी बोलता आलं. बाकीचे पायरीवर येऊन कार्यक्रम बघत होते. एका साडीवाल्याने तर मला विचारलं, “रोज असं ठेवलं तर आमचे लोक कामाला येतील कुठल्या गाडीने?” म्हणजे मघाची भरलेली जागा. संध्याकाळी अडथळे हटवले की मिनिटभरात रस्ता पूर्वपदाला येतो. या बाबतीतली शहराची तत्परता दुसऱ्या कुठल्याही खात्यात आढळत नाही. वर्षातला एक दिवस चालायचा. उरलेल्या ३६४ दिवसांचं उत्तर कुणाकडे मागायचं नसतं.

या सगळ्यात ज्यांच्यामुळे बाजार खरं तर बाजार वाटतो ते चित्रात कुठेच नसतात, आणि ते म्हणजे पथारीवाले. तुळशीबागेत राममंदिर आहे, ते पेशवाईतले सरदार नारो अप्पाजी खिरे तुळशीबागवाले यांनी बांधलेलं. पण देवदर्शनाला निघालेली बाई मंदिरापर्यंत पोचेल तर शपथ. वाटेत भातुकली, देवांची पितळी भांडी, कानातली, केसांचे चाप, परकराच्या नाड्या, चकलीचे सोरे. ‘कितीला?’ विचारलं की विक्रेता सांगतो, आपण निम्म्याने मागतो, तो तोंड फिरवतो, आपण दोन पावलं पुढे जातो, तो हाक मारतो. या चार ओळींच्या नाटकाला कुठल्याही मॉलमध्ये रंगमंच मिळत नाही. तिथे किंमत छापलेली असते आणि बोलायचं कुणाशी हा प्रश्नच असतो.

पथारीवाल्यांसाठी २०१४ साली देशाचा कायदा झाला. शहरात फेरीवाला समिती नेमावी, पाहणी करावी, प्रमाणपत्रं द्यावीत, आणि तोवर कुणाला उठवू नये, असं त्यात लिहिलेलं आहे. २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या टाळेबंदीनंतर केंद्राने पंतप्रधान स्वनिधी योजना आणली: सुरुवातीच्या वर्षांत पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं, ते फेडलं की वीस, मग पन्नास मिळत. योजना चांगली आहे. विनातारण कर्ज आमच्यासारख्यांनाही कुणी देत नाही. गंमत अशी, की कुठल्याही महापालिकेत एक खातं पथारीवाल्याला बोलावून कर्जाचा अर्ज भरून घेतं आणि त्याच इमारतीतलं दुसरं खातं त्याच पथारीवाल्याचा माल उचलायला गाडी पाठवतं. पहिलं खातं सांगतं, धंदा वाढवा. तो वाढवतो आणि दोन फूट पुढे सरकतो. ते दोन फूट दुसऱ्या खात्याचे असतात. अशा वेळी गल्लीच्या टोकाकडून एक आरोळी उठते, “गाडी!” आणि नीट मांडलेला संसार एका चादरीत गोळा होऊन नाहीसा होतो. मी मघाशी जिच्याकडे कानातलं बघत होते ती मुलगी चादरीसकट जिन्याखाली गेली होती. गाडी गेल्यावर तिने वर येऊन विचारलं, “ताई, ते हिरवं नक्की करायचं ना?” तिने भाव मात्र एक रुपयाही कमी केला नाही. ही चिकाटी कर्जाच्या अर्जावर कुठल्या रकान्यात भरायची?

पक्क्या दुकानदाराचं पथारीवाल्याशी वैर असतं असं सगळे धरून चालतात, आणि सभांमधून ते तसं बोलतातही. प्रत्यक्षात दुकानदाराला दुपारचा चहा पथारीवाल्याकडून येतो, सुट्टे पैसे त्याच्याकडून येतात, आणि चोर पकडायला तोच आधी धावतो. पथारी उठली की दुकानासमोर शांतता होते. दुकानदार आठवडाभर खूश असतो. मग त्याच्या लक्षात येतं की गिऱ्हाईकही शांत झालंय.

बाकीच्या सुधारणा थोडक्यात. दुकानांच्या पाट्या मराठीत, आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेच्या अक्षरापेक्षा लहान नको, असा नियम २०२२ मध्ये छोट्या दुकानांनाही लागू झाला. मला तो पसंत आहे. फक्त काही पाट्यांवर इंग्रजी शब्दच देवनागरीत चढले, त्यामुळे आता ‘द सारी स्टुडिओ’ वाचायला इंग्रजी येत नसलं तरी चालतं. स्मार्ट सिटी अभियानातले प्रकल्प २५ जून २०१६ रोजी पंतप्रधानांनी पुण्यातच येऊन मार्गी लावले. त्या काळात जंगली महाराज रस्त्याचे पदपथ खरोखरच रुंद झाले, बाकं आली, झाडं राहिली. तिथे चालता येतं, बसता येतं, हे मान्य करायलाच हवं. पण तो रस्ता मुळातच रुंद होता. पेठांमध्ये रुंदी नाही, तिथे डोकं चालवावं लागतं.

या सगळ्यात बाजाराच्या नावाने न आलेली एक गोष्ट मात्र बाजाराच्या कामी आली: मेट्रो. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि मंडईच्या पोटात स्थानक आलं. काम चालू होतं तेव्हा आसपासच्या दुकानदारांनी पत्रे, धूळ आणि खड्डे सोसले. एक भांडीवाले काका मला म्हणाले होते, “वरून जाईल, खालून जाईल, आमच्या दुकानात काय येणार आहे?” आता पिंपरीच्या बायका मेट्रोने येतात, दोन्ही हातांत पिशव्या भरून जातात, आणि गाडी कुठे लावली हे त्यांना आठवावं लागत नाही. काका अजूनही म्हणतात की धंदा नाही. पण परवा ते मला उभ्याने म्हणाले, कारण बसायच्या स्टुलावर गिऱ्हाईक बसलं होतं.

तर पुढच्या वेळी लक्ष्मी रस्ता सुधारायला घ्याल तेव्हा, साहेब, सल्लागाराला एक दिवस आमच्याबरोबर बस्त्याला पाठवा. चहा-नाश्ता आमच्याकडून. त्याला लग्नसराईच्या शनिवारी पाठवा, मावशीच्या शेजारी बसवा आणि दुपारी त्यालाही तोच प्रश्न पडू द्या. मग त्याचा अहवाल दोन पानांत संपेल. दर चौकात बायकांसाठी स्वच्छ आणि उघडं स्वच्छतागृह, किल्लीसकट. पुरुषांसाठी सावलीत बाकं, कारण बाहेर बसायला जागा असली की ते आत येऊन घाई करत नाहीत आणि खरेदी वाढते, हे कुठल्याही साडीवाल्याला विचारा. दुकानदारांच्या स्वतःच्या गाड्या लांब. पथारीवाल्याला एकदा ठरवून दिलेली जागा, जी पुढच्या महिन्यात बदलणार नाही. आणि मामीला पिशव्यांसकट चालता येईल एवढा पदपथ. एवढं करा, बाजार चालवायचं आम्ही बघतो.